वेग एकशे चार

सोमवार, ३ नोव्हेंबर

डाव्या हाताने लिहिते आहे. अक्षर दुसरीतल्या मुलाचं. हात लवकर भरून येतो, म्हणून वाक्यं लहान.

उजवं मनगट शनिवारी मोडलं. प्लास्टर कोपरापर्यंत. सहा आठवडे. क्लबातलं गाणं आटोपून घरी येत होतो. दादा पुढे, वह्यांची पिशवी घेऊन मी मागे. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तो न सांगता उभा राहिला. नोटीस वाचायला. पाण्याची टाकी धुणार असल्याची नोटीस, दोन महिन्यांपूर्वीची. टाकी धुऊनही झाली. त्याच्या पाठीवर आदळू नये म्हणून मी बाजूला झाले आणि पायरी चुकली.

तो "अगं, अगं" म्हणाला. हात मात्र पुढे केला नाही. कठडा धरून उभा होता. हे मी विसरणार नाही.

एकोणीस वर्षं दर शनिवारी दादा क्लबात गातो आणि मी पियानोवर साथ करते. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून त्याच्या आठवड्यात शनिवार हा एकच वार उरला आहे. २९ तारखेला क्लबला पन्नास वर्षं होतात. दादाची सहा गाणी ठरली आहेत.

सेक्रेटरीचा फोन आला. "बाई, हाताचं कळलं, फार वाईट झालं, साथीचं काय?" सगळं एका दमात. म्हणाला, एक जण आहे, स्वतःचं यंत्र घेऊन येतो, स्वतःच गातो, सध्या मोकळा आहे. म्हणजे २९ गेली की पुढचे शनिवारही त्याचे.

मी म्हणाले, साथ मी देईन. कशी, ते मला माहीत नाही.


बुधवार, ५

माझा बुधवारचा विद्यार्थी दंतवैद्य आहे. वय एक्कावन्न. चार वर्षांत दोन गाणी बसवली. आज शिकवणी होणार नव्हती, तरी आला. लॅपटॉप घेऊन.

त्याने मिडी फाइल म्हणजे काय ते सांगितलं. त्यात आवाज नसतो. कुठली पट्टी कधी दाबली, किती जोरात दाबली आणि कधी सोडली, एवढंच लिहिलेलं असतं. वाजवायचं काम दुसऱ्या कुणी करायचं. मी म्हणाले, म्हणजे स्वरलिपी. तो म्हणाला, तसंच, फक्त हिला डोळे लागत नाहीत.

जगात लोक अशा फाइली करून फुकट ठेवून देतात. सहापैकी सहा गाणी सापडली. शेवटचं, बोटीचं गाणं, त्यासाठीच लोक थांबतात. फाइल इतकी लहान की तो म्हणाला, माझ्याकडे एका दाढेचा फोटो याच्या शंभरपट असतो.

संगीताचं सॉफ्टवेअर घातलं. फाइल उघडली. पडद्यावर रंगीत काड्यांच्या रांगा, एकाखाली एक. वाजवायचं बटण दाबलं. रेघ काड्यांवरून सरकत गेली. आवाज नाही.

पुन्हा दाबलं. नाही.

"बधिर आहे अजून," दंतवैद्य म्हणाला. त्याच्या पेशंटची वेळ झाली, लॅपटॉप माझ्याकडेच ठेवून गेला.


गुरुवार, ६

सकाळी सहापासून बसले. उठले, बसले. प्लास्टरच्या आत खाज. विणायची सुई घालून खाजवते.

उलगडलं. प्रत्येक रांगेला आपण वाद्य नेमून द्यायचं असतं. नेमलं नाही तर ती मुकी राहते. मी सगळ्यांना पियानो दिला, मला तोच ओळखीचा. त्यामुळे ढोलाची रांगही पियानोने वाजवली. वर कुणी भांडी आपटत असल्यासारखं. वहिनी स्वयंपाकघरातून धावत आली. "वन्सं, पडलात की काय?"

दुपारपर्यंत ढोलाला ढोल मिळाला, बासरीला बासरी.

ज्याने बोटीच्या गाण्याची फाइल केली त्याने नाव दिलेलं नाही. पण रांगांना वाद्यांची नावं देण्याऐवजी त्याने निरोप लिहिले आहेत. पहिल्या रांगेवर: हे सगळं मी हाताने वाजवून नोंदलं आहे. दुसरीवर: चुका माझ्या आहेत. तिसरीवर: वेगाला हात लावू नका.

लोकांना मोकळा वेळ फार.


शुक्रवार, ७

फाइल उघडताना सॉफ्टवेअर विचारतं, फाइलमधला वेग घेऊ का. काल मी नाही म्हटलं होतं. मग ते स्वतःच्या मनाने एकशे वीस धरतं, एका मिनिटाला एकशे वीस मात्रा. बोट बुडेल इतका वेग. आज हो म्हटलं.

तर काय. वेग दर ओळीला बदलतो. एकशे तीन, एकशे पाच, शंभर, अठ्ठ्याण्णव, एकशे एक. वर एक रेघ असते तिच्यावर टिंबंच टिंबं, अंगावर पुरळ उठावं तशी. आणि तिसऱ्या कडव्याच्या तोंडाशी वेग चक्क तेरा. तेरा! या वेगाने काय वाजणार? हात थरथरत असणार त्याचा, नाहीतर वाजवता वाजवता दार उघडायला गेला असेल.

विद्यार्थ्याची वही तपासावी तसं सगळं पुसलं. डाव्या हाताने, एकेक टिंब. दोन तास लागले. साठवलं.

एक वेग ठरवायचा होता. कपाटातून जुनी कॅसेट काढली, आमचीच, आठ वर्षांपूर्वीची. घड्याळ लावून मोजलं. एकशे चार. छान, ताठ वेग. तोच दिला.

आता रेघ सरळ आहे. बघायला बरं वाटतं.


शनिवार, ८

क्लबाने २९ पर्यंत तीन शनिवारांची सुट्टी दिली आहे. दादाला घरी उभं केलं.

प्लग भिंतीपाशी. त्यामुळे टेबल भिंतीला लावून बसावं लागतं आणि दादा माझ्या पाठीमागे. पियानोवर तो समोर असतो, झाकणाच्या पलीकडे. एवढा फरक पडला तर पडला.

पाच गाणी ठीक. बोटीच्या गाण्यात तो प्रत्येक ओळीला उशिरा आला. शेवटचा सूर आठ मात्रांचा आहे. पाचवर सोडला.

"यंत्र धावतंय, मास्तर," तो म्हणाला. मी शिकवण्या सुरू केल्या तेव्हापासून मास्तर.

"यंत्र धावत नाही. एकशे चार म्हणजे एकशे चार."

"मग संगणकाचं मिनिट लहान असेल."

"दादा, हा आपलाच वेग आहे. कॅसेटवरचा."

"कॅसेट ताणली जाते. तू एवढी शिकलेली..." इथे तो थांबला, खुर्चीत बसला, "...तुला माहीत नाही?"

हल्ली एका वाक्याचे दोन तुकडे करून बोलतो. नाटकी झाला आहे.


रविवार, ९

स्वर दोन पायऱ्या खाली हवा म्हणाला. घसा बसला आहे म्हणे. हे सोपं. सगळ्या काड्या निवडायच्या आणि दोन घरं खाली सरकवायच्या. सरकवल्या.

झांजेच्या जागी ढोल वाजला, ढोलाच्या जागी घंटी. ढोलाच्या रांगेत प्रत्येक घर म्हणजे एक वेगळं वाद्य. ती रांग सोडून बाकीच्या सरकवायच्या असतात. हे कुठेही लिहिलेलं नाही. दादा हसता हसता खोकू लागला. वहिनीने पाणी आणलं आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू घंटी मीच त्याच्या डोक्यात घातली.

ढोल पुन्हा जागेवर.

दादाला २९ तारखेसाठी नवे बूट आणले होते. दुकानात बरोबर बसले, घरी आखडले. परत करायला वहिनी गेली. एक नंबर मोठा आणला. सहासष्टाव्या वर्षी पाय वाढतात की काय याचे.


सोमवार, १०

वेग शंभर केला. दादाला सांगितलं नाही. तरी म्हणाला, अजून जरा.


बुधवार, १२

शहाण्णव.

दंतवैद्य आला. जिन्यात त्याला दादा भेटला. नोटीस वाचत होता म्हणे. मी म्हणाले, पाठ करतोय. दंतवैद्य हसला नाही. जाताना दारात थांबून बूट घालता घालता म्हणाला, "बाई, दादांना एकदा कुणाला तरी दाखवून घ्या."

"त्याचे दात अजून सगळे आहेत," मी म्हणाले.

"दातांचं नाही हो..." तेवढ्यात फाइल वाजायची थांबली, मी आत पळाले. परत आले तेव्हा तो गेला होता. एवढा सज्जन माणूस, पण धंदा सुटत नाही.

फाइल थांबली कारण संपली होती.


शनिवार, १५

ब्याण्णव. शेवटचा सूर चार मात्रा.

मला कळत नाही. एकोणीस वर्षांत वेगावरून आमचं एकदाही वाजलं नाही. मी सुरुवात करायची, तो उचलायचा, जमून जायचं. आता एक आकडा मधे आला तर रोज कटकट. मला वाटतं त्याला यंत्राचं ऐकायचं नाही. पोस्टात असताना तिकीट मारायचं यंत्र आलं तेव्हाही तीन महिने हाताने शिक्के मारत होता.

"मी चाळीस वर्षं रांग थांबवली आहे, मास्तर," तो म्हणाला. "रांगेने मला... घाई केलेली चालणार नाही."

मी खोलीत फेऱ्या मारते. खिडकीपासून दारापर्यंत अकरा पावलं. बसले की खाज, उठले की फाइल आठवते.


मंगळवार, १८

अठ्ठ्याऐंशी. तरी ओळीच्या शेवटी शब्द गिळतो.

वहिनी माझ्या खोलीत आली. तिची उशी न्यायला म्हणून. माझ्याकडे दोन होत्या, त्यातली एक.

"तुमच्याकडे नाहीत?"

"ह्यांना तीन लागतात. चौथी पाहिजे."

"तीन? राजाच झाला की."

ती उशी पोटाशी धरून उभी राहिली. "वन्सं, जरा हळू घ्या."

"हळूच घेतेय. अठ्ठ्याऐंशीवर आले. याच्याखाली गेलं तर लोक जेवता जेवता झोपतील."

"मी गाण्याचं नाही म्हणत."

आतून दादाने हाक मारली, ती गेली. मग कशाचं म्हणत होती कोण जाणे. या घरात सगळे अर्धी वाक्यं बोलतात.


गुरुवार, २०

सेक्रेटरीला फोनवर गाणं ऐकवलं. फोन धरून खोलीभर फिरले, कुठे बरं ऐकू येईल म्हणून.

"बाई, रागावू नका. गाणं झोपलंय."

फिरता फिरता मी खिडकीशी थांबले.

"पूर्वी कसं टाळ्या घेत यायचं. लोक चमचा खाली ठेवायचे. हे काय आहे? त्या माणसाला मी अजून नाही म्हटलेलं नाही. शनिवारी दुपारी रंगीत तालीम करू. मी समोर बसतो. तिथे उठलं नाही, तर मला दुसरा विचार करावा लागेल. दादांना तुम्हीच सांगा."

दादाला सांगितलं. वर्तमानपत्र खाली न करता म्हणाला, "स्टेजवर मी धावतो. तू काळजी करू नकोस."

हे मात्र खरं आहे. घरी कण्हणारा दादा लोकांसमोर नेहमीच ताठ होतो. मी त्याचे फार लाड केले. शंभर म्हटलं शंभर, ब्याण्णव म्हटलं ब्याण्णव. विद्यार्थ्याचे एवढे लाड केले असते तर आयुष्यभर तो पहिल्याच धड्यावर राहिला असता.


शनिवार, २२, सकाळ

बोटीच्या गाण्याचा वेग पुन्हा एकशे चार केला. त्याला सांगितलेलं नाही. सांगितलं की अडतो. न सांगता उचलेल. स्वतःचाच वेग आहे.

तीनला निघायचं. मी दहापासून तयार आहे.


रविवार, २३

क्रमाने लिहिते.

हॉलमध्ये खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या. एक वेटर नॅपकिनांच्या घड्या घालत होता. सेक्रेटरी पहिल्या टेबलाशी. पियानोचं झाकण बंद, त्यावर कुणीतरी काचेचे ग्लास मांडलेले. प्लग स्टेजच्या मागच्या भिंतीत. मी भिंतीकडे तोंड करून बसले.

पाच गाणी झाली. प्रत्येक गाण्यानंतर दादा पाणी प्यायला. सेक्रेटरी घड्याळ बघत होता, मला त्याच्या साखळीचा आवाज येत होता.

सहावं सुरू केलं. पहिल्या चार मात्रांतच दादाला कळलं असणार. पण त्याने उचललं. पहिलं कडवं बरोबर ताठ, आठ वर्षांपूर्वीसारखं. सेक्रेटरीने टेबलावर बोटांनी ठेका धरला. मला आनंद झाला. मनात म्हणाले, बघ, जमतं की. कशाला नखरे.

दुसऱ्या कडव्यात ओळींची टोकं तुटली. तरी वेळेवर होता. मी पडद्यावरची सरकती रेघ बघत होते. ती काडीला लागायची आणि त्याच क्षणी त्याचा आवाज यायचा. इतकं नेमकं.

तिसऱ्या कडव्याला आवाज आला नाही. मला वाटलं, जागा चुकला. यंत्र पुढे गेलं. बासरी, ढोल, सगळे वेळेवर. मी म्हणाले, "दादा, पुढची ओळ पकड." पडद्याकडे बघतच म्हणाले.

वेटर ओरडला, "बाई!"

मग वळले. दादा स्टेजच्या पायरीवर बसलेला. एक हात पियानोच्या पायाला धरलेला. तोंड उघडं. ओठ पाटीच्या पेन्सिलीसारखे. तो माझ्याकडे बघत होता. किती वेळ बघत होता माहीत नाही.

मी त्याच्याकडे धावले. वेटर पाणी घेऊन, सेक्रेटरी फोन घेऊन. गाणं कुणी बंद केलं नाही. ते तिसरं कडवं आमच्या डोक्यावर पूर्ण वाजलं. शेवटचा सूर आठ मात्रा चालला. मी मोजल्या.

दवाखान्यात डॉक्टर तरुण बाई आहेत. दादाच्या नाकावर मास्क लावला, पलंगाची डोक्याकडची बाजू उंच केली, त्याचा मोजा खाली करून नडगीवर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खड्डा तसाच राहिला. पिठात राहावा तसा.

"दम कधीपासून लागतो?"

"आजच," दादा मास्कमधून म्हणाला. "यंत्रामुळे."

"दोन उशा लागायच्या," वहिनी म्हणाली. ती भिंतीकडे बघत बोलत होती. "ऑक्टोबरात तीन झाल्या. मंगळवारपासून चार, म्हणजे बसूनच. मला म्हणाले, कुणाला बोलायचं नाही. वन्संना तर नाहीच. २९ होऊ दे, मग जाऊ."

"नक्की कधीपासून वाढलं? आठवडा, महिना? औषधासाठी मला अंदाज पाहिजे."

वहिनीला सांगता येईना. दादा डोळे मिटून होता. माझ्या पिशवीत ही वही होती. मी काढली आणि वाचलं. आठ तारखेला एकशे चार, जमलं नाही. दहाला शंभर. बाराला शहाण्णव. पंधराला ब्याण्णव. अठराला अठ्ठ्याऐंशी, शब्द गिळतो. शेवटचा सूर पाच मात्रा, मग चार.

"हे काय आहे? नाडी?"

"गाण्याचा वेग."

डॉक्टरबाईंनी क्षणभर पेन थांबवलं. मग म्हणाल्या, "पुन्हा सांगा. तारखांसकट." आणि लिहून घेतलं.

"आज किती होता?"

"एकशे चार," मी म्हणाले. "तो मी ठेवला होता."


मंगळवार, २५

हृदय पूर्ण जोराने ढकलत नाही. पाणी छातीत आणि पायांत साचलं होतं. औषधाने उतरतं आहे. दोन दिवसांत चार किलो वजन कमी झालं, सगळं पाणी. पाणी मोजून प्यायचं, मीठ जवळजवळ नाही, जिने नाहीत. गाणं सध्या नाही. सध्या म्हणजे किती, त्यावर डॉक्टरबाई म्हणाल्या, बघू.

दंतवैद्य भेटायला आला. मी म्हणाले, तुम्ही सांगत होतात. तो म्हणाला, मीही दारात पुटपुटून गेलो. थांबून सांगायला हवं होतं.

सेक्रेटरीचा फोन आला. २९ ला दुसरा माणूस. या वेळी सावकाश बोलला, मधे मधे थांबत.

वहिनीच्या फोनवर क्लबातली जुनी रेकॉर्डिंग आहेत. ती दर दोनतीन महिन्यांनी करते, बहिणीला पाठवायला. मागून घेतली. बोटीचं गाणं काढून घड्याळाने मोजलं. मार्चमध्ये एकशे दोन. जूनमध्ये अठ्ठ्याण्णव. सप्टेंबरमध्ये त्र्याण्णव. १ नोव्हेंबरला, म्हणजे मी पडले त्या संध्याकाळी, नव्वद.

साथीला मीच आहे. पियानो माझा. तिसऱ्या कडव्याच्या आधी माझा डावा हात एक सूर धरून ठेवतो, त्याने तोंड उघडेपर्यंत सोडत नाही. मार्चमध्ये थोडा. नोव्हेंबरमध्ये इतका लांब की टेबलावरचं कुणीतरी खोकलेलं ऐकू येतं. मी हे करत होते. दर शनिवारी. मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, आमचा वेग एकशे चार.

सगळी रेकॉर्डिंग चार वेळा मोजली. आकडे तेच.


गुरुवार, २७

दादाला सांगितलं की वेग मी वाढवला होता. मुद्दाम.

"मला काय कळलं नाही?" तो म्हणाला. "चार मात्रांत कळलं."

"मग थांबला का नाहीस?"

"पहिलं कडवं छान झालं ना?"

"झालं."

"मग?"

त्याने तोंड भिंतीकडे केलं. तिकडेच बघत म्हणाला, "नोटीस मी वाचत नव्हतो. तुझ्या हाताचं... माझ्यामुळे झालं."

"ते मला आता कळलं आहे."

"टाकी कधी धुणार होते, तेही मला सांगता येणार नाही."

मी हसले नाही. तो हसला, खोकला नाही.


शनिवार, २९

दादा काल घरी आला. चौघांनी खुर्चीत बसवून तिसऱ्या मजल्यावर चढवला. वळणावर म्हणाला, "थांबा, नोटीस वाचतो." खुर्ची धरणाऱ्यांना विनोद कळला नाही, ते खरंच थांबले.

आज साडेपाचला त्याने इस्त्रीचा सदरा मागितला. वहिनीने दिला. कुठे जायचं आहे, कुणी विचारलं नाही. सदरा घालून खिडकीशी बसला. सहाला क्लबात दिवे लागतात. सव्वासहाला सेक्रेटरी चार शब्द बोलतो. साडेसहाला पहिलं गाणं. मला बसवेना. मी खोलीत आले.

बोटीच्या गाण्याची फाइल मी पुसून त्याच नावाने साठवली होती. मूळ राहिली नव्हती. पुन्हा उतरवून घेतली. सॉफ्टवेअरने विचारलं, फाइलमधला वेग घेऊ का. हो म्हटलं. ती टिंबं परत आली. एकशे तीन, एकशे पाच, शंभर, अठ्ठ्याण्णव. तिसऱ्या कडव्याच्या तोंडाशी तेरा. त्याच जागी. मी बराच वेळ तेराकडे बघत बसले. कोण गात होतं याच्यासमोर, काय माहीत. कुणीतरी गात होतं.

टेबल भिंतीपासून ओढलं. एका हाताने ओढताना पाय करकरले.

"काय चाललंय, मास्तर? घर बदलतेस?"

"तोंड इकडे करतेय."

वायर पुरेना. वहिनीने फ्रिजमागची लांब वायर काढून आणली. "दूध नासेल," म्हणाली, "पण नासू दे तासभर." टेबल त्याच्या खुर्चीसमोर आणलं. लॅपटॉप बाजूला सरकवला, म्हणजे तो दिसतो.

"डॉक्टरबाई गायचं नाही म्हणाल्या आहेत," वहिनी म्हणाली.

"गाऊ नको. नुसतं म्हण. ओळी सांगतात तसं. तू पुढे जा, मी मागून येते."

सॉफ्टवेअरमध्ये तशी सोय आहे, मला काल सापडली. नवीन कोरी फाइल उघडायची. प्रत्येक मात्रेला एक बटण दाबत राहायचं, यंत्र आपल्यामागे येतं आणि वेग लिहून ठेवतं. एक बोट पुरतं. डावं.

तो बोटीचं गाणं बोलला. मधे मधे सूर लागला, तिथे वहिनीने डोळे वटारले. पहिलं कडवं, दुसरं. मग थांबला. हात खुर्चीच्या दांडीवर, सदऱ्याचं वरचं बटण वर गेलं, खाली आलं. मी बोट बटणावर ठेवून त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. वर गेलं, खाली आलं. मग त्याने तिसरं कडवं उचललं.

संपल्यावर म्हणाला, "काय लिहिलं यंत्राने?"

"सत्तावन्न. चोपन्न. अठ्ठावन्न. छप्पन्न."

"पोस्टात... याहून जलद काम व्हायचं."

"खोटं आहे," वहिनी म्हणाली.

"आणि इथे अकरा."

"अकरा? कुठे?"

"तिसऱ्या कडव्याच्या आधी."

त्याने मान पुढे करून पडद्याकडे बघितलं. रेघ तिथे एकदम खाली गेली होती आणि पुन्हा वर आली होती.

"पुसून टाक," तो म्हणाला. "कुणी बघितलं तर चूक वाटेल."

पुसला नाही. साठवलं.